वाफसा कोणी ठरवायचा?

सुमीच्या बाबांना,

पत्राच्या सुरुवातीला आपली खुशाली कळवून समोरच्याची विचारायची असते. आमची बरी आहे. तुमची कोणाला विचारू?

उद्या सकाळी शेषराव भाऊजी जबाब मागायला येणार आहेत. नाल्याकाठचं वावर त्यांना बटईनं द्यायचं की नाही, हाच तो जबाब. माझं ठरलं आहे. पण तुमच्या धाकट्या भावाच्या तोंडावर बोलायच्या आधी ते तुमच्या कानावर घालावं, म्हणून भर दुपारी कामं टाकून लिहायला बसले. वावर तुमचं आहे. आणि जो घोळ झाला, त्यात थोडा वाटा तुमचाही आहे. हो, तुमचाच! उगाच दुसरीकडे पाहू नका.

लिहायला बसलं की माझ्या हातून वाशीमच्या शाळेतली भाषा उतरते. तुम्ही हसायचात, "बोलतं रिठदची अन् लिहितं वाशीमची." हसा. बोलणं मात्र ज्याचं त्याच्याच तोंडचं लिहीन.

मी संशयी आहे, हे तुम्ही गावभर करून ठेवलंत. दूधवाल्याच्या चरवीत मी बोट बुडवून बघते, तेलिणीनं तेल मोजलं की माप पालथं करायला लावते, सगळं खरं. "हे बाई देवाच्या मूर्तीलेही पाठीमांगून पाहते," असं तुम्ही गणपतभाऊला सांगितलं होतं ना? त्यांच्या बायकोनं, जनाबाईनं मला तेव्हाच सांगितलं. पण मला एक सांगा, संशय घेतला म्हणून आजवर या घराचं काय वाईट झालं? वाईट झालं ते मी ज्या दिवशी संशय घ्यायला चुकले, त्या दिवशी.

माझा बाप वाशीमला कापसाच्या जिनात कामाला. आम्ही शहरातल्या पोरी, कापूस पाहिला तो गाडीत भरलेला. लग्न होऊन इथं रिठदला आले तर आत्याबाई, तुमच्या आई, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं करता करता वर्षं गेली, वावरात मी गेले ती शिदोरी पोचवण्यापुरती, तीही धुऱ्यापर्यंत. मग वावरातले शब्द मला कुठं कळायचे? जेवायला बसलात की तुम्ही सांगायचात. ताटात भाकरीचे दोन तुकडे ठेवलेत, मध्ये मिरचीच्या चटणीची ओळ ओढलीत आणि म्हणालात, "हे आपलं वावर, हे शेषरावचं. अन् हे चटनी म्हंजे धुरा. मधात न नांगरता सोडलेली पट्टी. तिच्यावरचं गवत दोघायचं, पन तिले वखर कोनंच लावायचा नाई." मी म्हटलं, "आणि लावला तर?" तुम्ही चटणी बोटानं पुसून खाल्लीत. "मंग भांडन."

सावडही तशीच सांगितलीत. आपल्याकडे एक बैल, लाखा. गणपतभाऊकडे एक, मोऱ्या. एका बैलानं काय होतं? म्हणून दोघांचे मिळून एक जोडी, आज त्याच्या वावरात, उद्या आपल्या. मी लगेच विचारलं, "पहिली पाळी कोणाची?" तुम्ही म्हणालात, "त्याची." दरसाल त्याचीच! मी म्हटलं, काहून? तर तुम्ही म्हणालात, "त्याच्या वावराले वाफसा आधी येते."

आता वाफसा म्हणजे काय? "पानी पडल्यावर माती ना गाराचिखल राहत, ना कोरडी होत, मधातल्या मधात येते. तो वाफसा. तवाच पेरा साधते." बरं. पण तो आला हे ओळखायचं कसं?

"कयते."

कयते! एवढं बोलून तुम्ही ताटावरून उठलात. कसं कळतं, कशानं कळतं, डोळ्यांनी की हातांनी, काही नाही. अहो, तेवढं एक सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

श्रावणात तुम्हाला ताप आला आणि त्यातच तुम्ही गेलात. पोळ्याला लाखाला मारुतीपुढं कोण नेणार म्हणून मी दारात उभी होते, तर गणपतभाऊ आले आणि मोऱ्याच्या जोडीनं त्यालाही घेऊन गेले. मला विचारलंही नाही. मला तेव्हाच शंका आली. इतकी काळजी? हा माणूस सावडीच्या नावाखाली आपला बैल तर ठेवून घेणार नाही?

त्याच दिवसांत शेषराव भाऊजींचं येणं वाढलं. ओसरीवर बसायचे, सुमीला बत्तासे आणायचे. आणि शब्द समजावून सांगायचे, अगदी तुमच्यासारखे! मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. "वहिनी, बटई म्हंजे काय ठाव हाय का? वावर तुमचं ते तुमचंच. कसनार मी. बैल माहे, मेहनत माही. खळ्यावर आलं का अर्धं तुमच्या घरी. तुमी घरबसल्या खा." मी म्हटलं, पाहू. घरबसल्या हा शब्द मला तेव्हाही गोड लागला नव्हता. घरातच बसले होते मी इतकी वर्षं.

मग दसऱ्यानंतर पाणी पडलं. पावसाळ्यात पड ठेवलेलं आपलं वावर, तुम्ही असतानाच वखरून तयार केलेलं, त्यात आता हरभरा पेरायचा होता. बियाणं मी निवडून ठेवलं होतं. दोन दिवस उघाड पडली आणि गणपतभाऊ लाखाला सोडून न्यायला आले. "आज माह्यी करडई पेरून घेतो वहिनी. तुमचं मांगून."

मांगून! माझ्या डोक्यात तुमची ती दरसालची पहिली पाळी घुमायला लागली. तेवढ्यात शेषराव भाऊजी आले, रिकाम्या दावणीकडे पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं. म्हणाले, "वहिनी, वाफसा म्हंजे ओल. दुसरं काई नाई. ओल हाय तवर दाना पडला पाह्यजे. ऊन पाहा कसं तापून राह्यलं. बैल तुमचा, अन् पेरा गणपतचा होऊन राह्यला. तुमची ओल उडून जाईन, मंग तो येईन. दादा भोळा होता, त्याले दरसाल असाच फशिवला. धुरा पाह्यला का कधी? तोही कोरून राह्यला तो."

तुम्हाला फसवलं म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. ज्यानं ऐकवलं त्याच्यावर संशय घ्यायचा, हे मी विसरले. मी, जी तेलिणीचं माप पालथं करते! पदर खोचला आणि तडक गणपतभाऊच्या वावरात गेले.

त्यांचं वावर आपल्या वरच्या अंगाला, उताराचं, मुरमाड. तिफण चालू होती. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरायचं औत, हे तुम्ही मला शिकवलं होतं. गणपतभाऊ बैल हाकत होते आणि मागून जनाबाई ओटीतलं बियाणं मुठीमुठीनं वरच्या चाड्यात सोडत होती. त्या लाकडी वाटीतून ते तिन्ही नळ्यांत उतरतं आणि जमिनीत जातं. मी बैलांपुढं आडवी आले. म्हटलं, माझा बैल सोडा.

गणपतभाऊ थांबले. "वहिनी, तुमचं वावर आज पेरनं होत नाई. भारी जमीन हाय ते. चार रोज थांबा."

"चार रोजात ओल उडंल. मग म्हणाल पुढच्या साली पाहू."

"अव सुमीची माय," जनाबाई म्हणाली, "अर्धं वावर राह्यलं व. निदान हातातलं तास तरी होऊ दे!"

मी नाही म्हटलं. तुम्हाला ठाऊक आहे हे काय झालं ते. सावडीतली माणसं भांडतात, अबोला धरतात, पण चालत्या तिफणीतून बैल कोणी सोडून नेत नाही. घरात कोणी मेलं तरी हातातलं तास, औताची चालू ओळ, पुरं करून मग निघतात, असं तुम्हीच म्हणायचात. गणपतभाऊनं वाद घातला नाही. जू उतरवलं, लाखाचा कासरा माझ्या हातात दिला. मोऱ्या एकटाच तिफणीपुढं उभा राहिला. मला त्या वेळी वाटलं, पाहा, बोलायला तोंड नाही म्हणून गप्प आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शेषराव भाऊजी स्वतःची जोडी आणि तिफण घेऊन आपल्या वावरात हजर! सोबत त्यांची बायको, वत्सलाबाई. मी बियाण्याची टोपली घेऊन पुढं झाले, तर वत्सलाबाईनं टोपली माझ्या हातून काढून घेतली. "तुमी धुऱ्यावर उभ्या राहा बाई. पहिली मूठ सवाष्णीची लागते." मी धुऱ्यावर उभी राहिले. रीतच तशी आहे.

पण धुऱ्यावरून दिसत होतं. आणि मला ते बरोबर दिसेना. बैलांचे पाय रुतत होते. वत्सलाबाई मूठ सोडत होती आणि बी चाड्यात साचून राहत होतं, खाली जातच नव्हतं. फणांना चिखलाचे लोंदे. मी ओरडले, "भाऊजी, नळ्या बुजून राह्यल्या!"

"चालते!"

"बी वरच दिसून राह्यलं!"

"झाकते ते मांगून! तुमी उभ्या राहा ना गुमान."

गुमान? मी टोपलीवाल्या रीतीला नमस्कार केला आणि वावरात उतरले. चार पावलं टाकली नाहीत तोच दोन्ही पायांना एवढा चिखल चिकटला की पाय उचलवेना. खाली वाकून मूठभर माती घेतली, दाबली. कणकेसारखा गोळा झाला, त्यावर माझी पाचही बोटं उमटली. हात झटकला तरी पडेना. तशीच पाय ओढत वरच्या अंगाला, गणपतभाऊच्या वावरात गेले. तिथली माती घेतली, दाबली, मूठ उघडली. गोळा झाला, आणि अंगठ्यानं जरा ढकलला तसा भुरभुर सुटला. तळहाताला काही चिकटलं नाही. थंडगार लागत होती, पण चिकट नव्हती.

कळलं! अहो, कळलं! मुरमाड वावराचं पाणी लवकर निथळतं, त्याला वाफसा आधी. आपलं काळंभोर, नाल्याकाठचं, ते पाणी धरून बसतं, त्याला मागून. म्हणून पहिली पाळी दरसाल त्यांची. तुम्ही भोळे नव्हतात, दबलेले नव्हतात, नुसते आळशी होतात सांगायला.

परत आले आणि तिफणीपुढं उभी राहिले. म्हटलं, बंद करा.

"वहिनी, तुमाले वावरातलं काय समजते?"

"पाय समजतात. पाय रुतून राह्यले माहे. यात हरभरा सडेल, उगवायचा नाही."

तेव्हा त्यांचा आवाज बदलला. आजवर बत्तासे आणणारा आवाज नव्हता तो. "सडला तं सडला! एक साल सडू द्या. मंग तं अक्कल येईन? बाईनं वावर करायचं काम हाय का हे? द्या ना मले बटईनं, कायले हे नाटक!"

वत्सलाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला अजून सांगता येत नाही.

आता तुमच्यापाशी खरं बोलते. मुद्दाम बी सडवायलाच ते आले होते, की नुसती घाई होती आणि रागात तोंडातून निघून गेलं, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण ते जोडी घेऊन गेल्यावर मी दोन्ही धुरे पाहायला गेले. गणपतभाऊच्या बाजूचा धुरा होता तेवढा आहे, गुडघाभर गवत, बोरीचं झुडूप जागच्या जागी. आणि शेषराव भाऊजींच्या बाजूचा? ताजा खरवडलेला. गवताची मुळं उघडी पडली आहेत, पट्टी इतकी अरुंद झाली की त्यावरून दोन माणसं जोडीनं चालू शकत नाहीत. बैल वळवताना वखर लागला असेल, असंही मी मनाला सांगून पाहिलं. वखर एकदा लागतो. हा शेवटापर्यंत लागला आहे.

तुम्हाला ठाऊक होतं का हो? होतं! चटणीची ओळ बोटानं पुसलीत तेव्हाच तुमच्या तोंडावर काहीतरी होतं. भाऊ म्हणून गप्प बसलात. माझ्यापाशी तरी बोलायचं होतं. मी घरातली संशयी बाई, माझ्या संशयाचा तुम्हाला कधीच उपयोग करून घेता आला नाही.

मग धीर करून दुसऱ्या दिवशी मी गणपतभाऊकडे गेले. जनाबाई अंगणात करडईचं उरलेलं बियाणं उन्हात पसरत होती. मला पाहून उठलीही नाही. "ये बाई. आता काय न्यायला आली? मोऱ्याले नेतं का?" मी पायरीखाली उभीच राहिले. म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "चुकलं तं लयच चुकलं व. दोन रोज बैलासाठी फिरले हे. पेरनीच्या दिवसांत कोन देते बैल? वरचं वावर वाऱ्यानं कोरडं ठक्क झालं. आता दाना टाकला तं मुंग्यायले." बोलता बोलता तिचे डोळे भरले, मग माझेही. गणपतभाऊ आतून आले. मला वाटलं, आता हाकलतात.

ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या वावराले आजून दोन रोज लागतीन. मी सकायी पायानं पाहून आलो. बैलाले तवर आराम द्या."

पायानं पाहून आलो! ज्या बाईनं यांच्या चालत्या तिफणीतून बैल सोडून नेला, तिच्या वावराचा वाफसा हा माणूस बघून आला होता. आणि मी, मला तेव्हाही वाटलं, यात काय डाव असेल? तोंडानं बोलूनच गेले. "काहून पाहायला गेलात?"

ते हसले. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मी त्याले म्हनत होतो, वहिनीले वावरात आनत जा. तं तो म्हने, नाई बाप्पा! ते एकएक तास वाकून पाहीन अन् मले बैल हाकू देनार नाई."

मी हसले हो. जनाबाईही हसली. आणि मग मला असा हुंदका आला की पायरीवर बसावं लागलं. तुम्ही मला वावरात नेलं नाहीत ते मला कळत नाही म्हणून नाही, मला फार दिसतं म्हणून? हे माझ्यासमोर एकदा तरी म्हणायचं होतंत.

दोन रोजांनी लाखा आणि मोऱ्या पुन्हा एका जुवाखाली आले. मी टोपली जनाबाईपुढं धरली आणि सवयीनं धुऱ्याकडे निघाले. तिनं माझा हात धरला. "कुठं चालली?" म्हटलं, पहिली मूठ सवाष्णीची. ती म्हणाली, "कोनं सांगतलं? त्या वत्सलीनं ना? तिच्या मुठीनं काय उगवलं? धर." आणि माझ्या ओटीत बियाणं ओतलं. गणपतभाऊनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही, नुसतं बैलांना हाकलं. मी चाड्यावर मूठ धरली. कितीदा जास्त पडलं, कितीदा कमी, जनाबाई मागून ओरडत होती, "मूठ मोकयी सोड व, पीठ चाळून राह्यली का?" पण एकदाही नळी बुजली नाही. संध्याकाळी माझ्या पायांना माती होती ती झटकली की पडत होती.

दिवाळी होऊन गेली. आपला हरभरा वर आला आहे. दोन ओळी वाकड्या आहेत, त्या माझ्याच. शेषराव भाऊजींनी चिखलात पेरलेला तुकडा तसाच मुका आहे. आणि वर पाहिलं की गणपतभाऊचं अर्धं वावर हिरवं, अर्धं उघडं. ते उघडं मी रोज पाहते. ते कोणाचं नाही, माझं आहे.

तर उद्याचा जबाब ऐका. शेषराव भाऊजींना चहा देईन, दीर आहेत. आणि सांगेन, वावर बटईनं द्यायचं नाही. मी करणार, गणपतभाऊच्या सावडीनं करणार. आणि चार माणसांसमोर त्यांच्या बाजूचा धुरा पुन्हा होता तेवढा करून घेणार. ते ओरडतील. ओरडू दे. मी आता ओसरीवर नाही, वावरात उभी राहून बोलणार.

तुम्हाला वचन देते. खळ्यावर हरभऱ्याची रास पडली की आपल्या घरी दाणा यायच्या आधी त्या उघड्या अर्ध्या वावराचं पीक जनाबाईच्या अंगणात टाकीन. ती नको म्हणेल, मी ऐकणार नाही. संशय सोडीन, असं वचन मात्र मागू नका, ते माझ्यानं व्हायचं नाही. आणि एक. सुमीला शब्द ताटावर बसून शिकवणार नाही. पुढच्या पेरणीला तिला चपला काढून वावरात उभी करीन, मूठभर माती तिच्या हातात देईन आणि तिला काही सांगणार नाही. तिचं तिनं दाबून पाहावं. उद्या तुमच्यासारखाच माझाही ताप उतरला नाही आणि कोणी बत्तासे घेऊन तिला वाफसा समजावून सांगायला आलं, तर तिनं त्याचं पुरतं ऐकून घ्यावं आणि मग वाकून माती उचलावी.

तुमची,
सुमीची माय